छत्तीसात पाह्य

दिवाळी उरकली की आमच्या मंगरूळपीरच्या बाभळींना कापूस लागतो. तो काही त्यांचा नसतो. शीग भरलेल्या गाड्या खालून जातात, काट्यांना पुंजके अडकतात आणि पुढे महिनाभर ते झाड स्वतःचंच पीक असल्यासारखं मिरवत राहतं. आता कापूस पेरणारे कमी झाले. मेडशीपासून मालेगावपर्यंत जा, सोयाबीन निघालेली रानं आणि मध्ये उभी असलेली तूर, एवढंच दिसतं. तरी एखादी गाडी येतेच. गाडी वळणावर आली की आधी तिचा वास येतो. कापसाला वास नसतो असं म्हणणारे लोक कधी जीनजवळ राहिलेले नसतात. सरकीचा तेलकट, जरासा कडवट आणि त्यात उन्हात तापलेल्या धुळीचा असा तो वास असतो, आणि तो आला की मी सात वर्षांची होते.

माझे वडील मात्र तो वास आला की खिडकी लावून घेतात. गेली चाळीसेक वर्षं हे चाललं आहे. घर बदललं, खिडकी बदलली, आई गेली, मी चित्रकलेची शिक्षिका झाले, माझे केस पिकायला लागले, पण कापसाची गाडी आली की बाबा उठणार आणि खिडकी लावणार. जीनमध्ये उमर गेलेल्या माणसांना दमा असतो, कापसाचा तंतू सोसत नाही, असं मी समजून चालले होते. माणूस आपल्या घरातल्या माणसाबद्दल फार सोयीचं समजून चालतो.

जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. आमचा जीन बसस्टँडच्या मागे, ऐन गावात होता. गाव नंतर त्याच्याभोवती वाढलं असेल, पण मला नेहमी वाटायचं की गावच जीनला टेकून बसलंय. हंगामात भोंगा वाजला की बायका तोंडाला फडकी बांधून रांगेने आत जायच्या आणि संध्याकाळी बाहेर पडताना सगळ्या म्हाताऱ्या झालेल्या असायच्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, केस पांढरे. आम्ही पोरं त्यांना ओळखण्याचा खेळ खेळायचो. आतल्या यंत्रांची घरघर जमिनीतून यायची. आमची क्वार्टर आवारातच होती. ताटातली वरणाची वाटी घरघरीने हळूहळू सरकायची आणि आई जेवता जेवता ती परत जागेवर ओढायची. भोंगा थांबला की इतकी शांतता व्हायची की मला भीती वाटायची.

बाबा तिथे गेटवर जमादार होते. जीनचा सगळ्यात मोठा कायदा त्यांच्या हातात होता, तो म्हणजे आत विस्तव जाता कामा नये. गेटच्या खोलीत एक अख्खी भिंत कोनाड्यांची होती. हातभर खोल, वीतभर रुंद, ओळीने कोनाडे, आणि प्रत्येकाखाली डांबराने नंबर घातलेला. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला असायचा आणि बिल्ल्याचा जो नंबर तोच कोनाड्याचा. सकाळी बाबा स्टुलावर बसायचे आणि एकच हाळी द्यायचे, "खिसा झाडा!" मग काडीपेटी, विडीचं बंडल, जे असेल ते आपापल्या कोनाड्यात ठेवायचं आणि आत जायचं. परतताना उचलायचं. एका कोनाड्यात एकाच माणसाची पेटी. बाबा या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडायचे नाहीत, असं लोक म्हणायचे. त्यांच्या त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. शाळेत मी पोरींना "खिसा झाडा" म्हणून धाक घालायचे, आणि त्या काळी पोरींच्या फ्रॉकला खिसेही नसायचे.

त्या हंगामातली एक गोष्ट मला घरातल्या बोलण्यामुळे आठवते. बाबा जेवताना आईला म्हणाले होते, "सत्तारच्या कोनाड्यात कुंभारणीनं घर केलं." कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर घर लिंपते. आई लगेच म्हणाली, "तोडू नोका देजा त्याले. घरवालीचे दिवस भरत आले त्याच्या." आमच्याकडे समजूत आहे की कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो आणि ते घर तोडलं तर पोटातल्या जिवाला धोका. बाबा म्हणाले, "सांगतलं म्या त्याले." मग ते ताक प्यायले. सत्तारभाईला मुलगा होणार की मुलगी यावर आई काहीतरी बोलली असेल, ते मी विसरले.

सत्तारभाई पिंजारी. त्याचा बाप दारोदार फिरून कापूस पिंजायचा. खांद्यावर ती मोठी कमान, तिची ती थरथरती तात, आणि "टण्ण टण्ण" असा आवाज. सत्तारभाईनं कमान सोडून जीनमध्ये नोकरी धरली, याचं त्याच्या घरी कौतुक होतं. बिल्ला नंबर सदतीस. हात हडकुळे, बोलणं हळू. मला पाहिलं की टोपीवरचा रुईचा पुंजका काढून तो माझ्या नाकाला लावायचा.

आणि मग ती दुपार. मी शाळेतून येत होते आणि बसस्टँडवरचे सगळे लोक एकाच दिशेला तोंड करून उभे होते. कापसाची आग ओरडत नाही. लाकूड तडतडतं, गवत फुरफुरतं, पण कापूस गप्प राहून आतून जळत जातो. वरून गंजी पांढरीच दिसते आणि आत हात घातला तर हात भाजतो. धूर पिवळट, जमिनीलगत सरपटणारा. गडी ओली पोती घेऊन धावत होते, बायका फडकी तोंडावर धरून गेटकडे पळत होत्या. आई मला पोटाशी धरून विहिरीमागे उभी होती. तिचं पोट थरथरत होतं, ते मला अजून आठवतं. जीवितहानी झाली नाही. पण विझवलेल्या गाठी आठवड्यानंतरही फोडल्या की मधोमध लाल निघायच्या. आग आठवडाभर बसून असते, हे मी त्या वर्षी शिकले.

जीन पुन्हा सुरू झाला नाही. ज्या बायका रांगेने आत जायच्या त्यांची घरं पुढच्या दोन वर्षांत सुरत, पुणे, कुठे कुठे गेली. एवढं मोठं नुकसान झालं की गावाला कुणीतरी एक माणूस लागतो. तो सापडला. त्या दुपारी आगीच्या थोडं आधी सत्तारभाई गेटबाहेर गेला होता. मॅनेजरनं सगळ्यांना भिंतीपुढे उभं केलं, आपापली पेटी उचलायला लावली. सदतीस नंबरच्या कोनाड्यात पेटी नव्हती. झालं. काडी आत नेली, विडी फुकली आणि पळाला. बायको अडली होती म्हणून पळालो, असं तो सांगायचा. त्याच दुपारी त्याला मुलगी झाली, हे खरंच होतं. पेटीचं तो म्हणायचा की ती छत्तीस नंबरच्या कोनाड्यात ठेवली होती, त्या नंबरचा गडी त्या साली आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बंद गेटबाहेर उभं राहून तो ओरडत होता, "छत्तीसात पाहा! छत्तीसात पाहा!" त्याला आत कुणी घेतलं नाही. पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. गावाला पुरावा लागत नाही. त्याला नाव पडलं, आग्या.

आणि त्याच्या त्या ओरडण्याची गावात म्हण झाली. आमच्याकडे आजही कुणाची किल्ली हरवली, चष्मा सापडेना, की दुसरा हसत म्हणतो, "छत्तीसात पाह्य." म्हणजे, आता कुठे सापडतेय. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला कळत नाही, पण दोन वर्षांत तोही म्हणायला लागतो. मी स्वतः वर्गात कितीदा म्हटलंय. रबर हरवलेल्या पोराला, रंगाची पेटी विसरलेल्या पोरीला. सगळा वर्ग हसायचा आणि मला वाटायचं, काय आपली वऱ्हाडी बोली, काय तिचा ठसका.

यंदा कापसाची पहिली गाडी आली त्याच आठवड्यात कळलं की जीन पाडणार. तिथे दुकानांचं संकुल होणार आहे. जुन्या वास्तूची नोंद राहावी, फोटो आणि नकाशे काढून ठेवावेत, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि गावात रेषा सरळ ओढणारी मीच एक सापडले. ठेकेदार तरुण मुलगा, माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, "मॅडम, सोमवारी सकाळी जेसीबी लागते. तोवर काय मोजाचं ते मोजून घ्या." म्हणून गुरुवारी मी टेप, पाटी आणि रंग खरवडायची पाती घेऊन आत गेले.

चाळीस वर्षांत मी त्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं, आणि रोज त्याच्या भिंतीला लागून शाळेत जात होते. आत बाभळी छातीएवढ्या जाड. यंत्रघराचं छप्पर खाली आलेलं, लोखंडी दांडा मात्र अजून दोन भिंतींच्या मध्ये आडवा, त्यावर पारवे. आमच्या क्वार्टरचा ओटा मला पायाखाली सापडला, दोन पावलांत संपला. लहानपणी त्याच ओट्यावर आम्ही लंगडी खेळायचो. मी पटापट मोजत होते. मला तिथे जास्त वेळ थांबायचं नव्हतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

गेटची खोली शेवटी राहिली होती. आग लागल्यावर काही वर्षं तिथे कुणाचं तरी खताचं गोदाम होतं, त्यांनी भिंतीला गिलावा केलेला. मला कोनाडे आठवत होते आणि समोर तर सपाट भिंत. टेप लावताना गिलाव्याचा एक फुगलेला तुकडा हातात आला आणि त्यामागे लाकडी फळी दिसली. वाळवीने खाल्लेली. मी पाती घातली. फळी कण्हल्यासारखा आवाज करून सुटली आणि धुळीत एकामागून एक कोनाडे उघडे पडले. चोवीस. पंचवीस. सव्वीस. डांबराचे आकडे काल घातल्यासारखे. मला हसू आलं. मी मोठ्याने म्हटलं, "खिसा झाडा," आणि पारवे उडाले.

सगळे रिकामे होते. मी फोटो काढत खालच्या ओळीला आले, अगदी कोपऱ्यात, जिथे बाबांचं स्टूल असायचं. सदतीसमध्ये मातीचा एक गोळा चिकटलेला होता, मुठीएवढा, वर बारीक भोकं. कुंभारणीचं घर. चाळीस वर्षांचं, दगडासारखं घट्ट. मी त्याच्याकडे बघत बसले आणि आईचं बोलणं, बाबांचं ताक पिणं, सगळं एकदम परत आलं. मग, खरं सांगते, मला शेजारी बघायचं नव्हतं. मी मोबाईल पिशवीत टाकला, टेप गुंडाळली. उभीही राहिले. आणि मग छत्तीसात पाहिलं.

तिथे काडीपेटी होती. तिच्यावरचं चित्र उडालेलं, कडा काळ्या पडलेल्या. पेटी सैल असणार, म्हणून तिला पिवळसर, सुकून कडक झालेल्या दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारलेली. मी हात लावला नाही. फळी परत टेकवून ठेवली आणि गेट लोटून बाहेर आले, तेव्हा समोरच्या टपरीवर कुणीतरी कुणाला तरी हसून म्हणत होतं, "छत्तीसात पाह्य."

शुक्रवारी मी शहनाजच्या दुकानात गेले. शहनाज सत्तारभाईची मुलगी, आगीच्या दुपारी जन्मलेली. दर्ग्याच्या रस्त्याला तिचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी रजई भरून हवी म्हणाले, हे निमित्त तिला खरं वाटलं नसावं. आता कापूस पिंजायला यंत्र आहे, पण भिंतीवर आजोबांची कमान टांगलेली, तिला अर्धीच तात लोंबत होती. तोच पिवळसर रंग. मी विचारलं, "ही कशाची असते गं?"

"बकऱ्याची आतडी, मॅडम. सुकवून पिळतेत. आमच्या घरी काईबी बांधाचं तं तातच. अब्बा डब्ब्याले बी तेच बांधत, काडीपेटीले बी." ती रजईचं कापड पसरत होती. मग हात थांबवून म्हणाली, "जीन पाडून राह्यले म्हणते."

"हो. सोमवारी."

"पाडू द्या. बरं होईन." तिने कापड पुन्हा ओढून सरळ केलं. मग बोलायला लागली ती माझ्याकडे न बघता. "अब्बाच्या मयतीत एक जण हासला होता, मालूम हाये का तुमाले? म्हणे, आता कबरीतबी छत्तीसात पाह्य म्हणन. पोरगा पुण्याले गेला तो येतच नाई. म्हणते, अम्मी, तथी मले कोनी आग्या म्हणत नाई. तुमच्या वर्गातबी म्हणत, मॅडम."

मला ठाऊक होतं. मी ते ऐकलं होतं, आणि कुणाला रागावले नव्हते. मी मान खाली घातली.

"मले काई नोको," शहनाज म्हणाली. "कोनी एकानं गावात उभं राहून म्हणावं, सत्तारनं आग नाई लावली. बस. पन आता म्हणनारं कोन उरलं?"

म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्या घरी खिडकी लावून बसलेलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही, रजईचं माप द्यायचं विसरले एवढं खरं. रस्ताभर मी एकच हिशोब मांडत होते. भिंत सोमवारी पडणार. मी नुसती गप्प बसले तरी पुरे. काही लपवायचं नाही, काही फोडायचं नाही. नव्वदीला टेकलेल्या माणसाला त्याच्या उरलेल्या दिवसांत कोण उभं करतं? आणि शहनाज? तिने चाळीस वर्षं काढली, आणखी काढेल. असं माझ्या मनात आलं. आलं होतं, ते लिहून टाकते.

शनिवारी बाबांनीच विषय काढला. मी पोळ्या करत होते. ते दारात काठी टेकून उभे राहिले.

"जीनमधी गेली होती म्हणते तू?"

"हाव."

"गेटची भित उभी हाये का?"

"सोमवारपर्यंत."

"अन् फळ्या?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. फळ्यांचं मी कुणालाच बोलले नव्हते. तवा तापून धूर यायला लागला, तरी मला गॅस बंद करायचं सुचेना.

"बाबा, छत्तीसात पेटी हाये."

"हाये ना," ते म्हणाले. "मले मालूम हाये."

मग ते स्वयंपाकघरातच पाटावर बसले. मी कधी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. "म्याच त्याले म्हणलं होतं, कुंभारणीचं घर तोडू नोको, पेटी छत्तीसात ठेवत जाय. कायदा म्याच मोडला. त्या दिवशी दुपारी निरोप आला, बायको अडली म्हणून. रजिस्टरात लिवलं नाई, गेटातली लहान दिंडी उघडली, म्हणलं पळ. पेटी उचलाची बी सुद नव्हती त्याले. मंग आग लागली. कापसात खडा आला असन, रोलरवर ठिणगी पडली असन, कोनाले मालूम. मॅनेजरनं इचारलं, सदतीसात पेटी होती का? म्या म्हणलं, नव्हती. नव्हतीच ना ते. दुसऱ्या दिवशी सत्तार गेटवर वरडून राह्यला. मॅनेजरनं इचारलं, जमादार, छत्तीस पाह्यला का? म्या म्हणलं, पाह्यला साहेब. एक शब्द खोटा नाई बोललो मी."

"अन् आत काय होतं ते?"

"ते इचारलंच नाई त्यानं."

"तुमी काहून नाई सांगतलं?"

"दिंडी म्या उघडली होती ना. क्वार्टर जाईन, नोकरी जाईन. तू होती, तुही माय होती. मॅनेजर म्हणे जीन चालू होईन, तू गेटवर पायजे." त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "पंधरा दिवसानं फळ्या ठोकाले सांगतल्या, त्याबी म्याच ठोकल्या. ठोकताना पेटी तथीच होती. फेकता आली असती. नाई फेकली."

"काहून नाई फेकली मंग?"

"नाई फेकली," ते पुन्हा म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

मी त्यांच्यावर चिडले होते आणि मला रडूही येत होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, ही आपल्याकडे सज्जनपणाची खूण मानली जाते. जमादार कधी खोटं बोलत नाही, असं गाव अजून म्हणतं. मी त्यांच्याकडूनच ते शिकले. शहनाजच्या मुलाला वर्गात आग्या म्हणत, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नव्हते. खोटं मी सुद्धा बोलले नाही. रविवारभर आम्ही दोघं एकमेकांना नुसतं "जेवता का" आणि "औषध घेतलं का" विचारत होतो. संध्याकाळी मी एवढंच म्हणाले, "बाबा, उद्या सकाळी मी शहनाजले तथी बलावून राह्यली. तुमी या का नोका येऊ, तुमचं तुमी पाहा." खालून एक कापसाची गाडी गेली. ते खिडकी लावायला उठलेही नाहीत.

सोमवारी मी उठले तेव्हा बाबा बूट घालून, टोपी घालून बाहेरच्या खुर्चीत बसलेले होते. दाढीही केली होती, हनुवटीवर कापलं होतं. रिक्षात ते माझ्या शेजारी ताठ बसले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी काढून घेतला.

गेटवर जेसीबी सुरू होती. ठेकेदार, चालक, टपरीवरचे सात-आठ जण, फुकटचा तमाशा बघायला आलेले आणखी काही. शहनाज ओढणी डोक्यावर घेऊन एका बाजूला उभी होती, मी का बोलावलं ते तिला माहीत नव्हतं. बाबा रिक्षातून उतरले आणि सरळ यंत्रापुढे जाऊन त्यांनी हात आडवा केला, जसे ते कापसाच्या गाड्या थांबवायचे. चालकाने इंजिन बंद केलं. त्या अचानक शांततेत मला लहानपणासारखीच भीती वाटली.

बाबांनी काठी गेटच्या खोलीकडे रोखली आणि म्हणाले, तोच जुना आवाज, हाळीचा:

"छत्तीसात पाहा."

लोक हसले. सवयच आहे गावाला, म्हातारा म्हण म्हणतोय असंच वाटलं त्यांना. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा म्हटलं, "पाहा म्हणून राह्यलो ना." मग हसणं आपोआप विरत गेलं. मी फळी बाजूला केली. शहनाज वाकली, आणि तिने ती पेटी बाहेर काढली. तातेच्या गाठीवर तिचं बोट थांबलं. मला वाटलं ती ओरडेल. ती नुसती गाठ चाचपत राहिली.

"सत्तारनं आग नाई लावली," बाबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पेटी अथीच होती. मले मालूम होतं. मी बोललो नाई." मग त्यांनी शहनाजपुढे हात जोडले. "तुह्या अब्बाले म्याच सांगतलं होतं, कुंभारणीचं घर तोडू नोको. तू पोटात होती."

शहनाजने सदतीस नंबरकडे पाहिलं. मातीच्या त्या गोळ्याकडे ती इतका वेळ बघत होती की ठेकेदाराने घड्याळ पाहिलं, आणि मग शरमून हात खाली घेतला. टपरीवरचा एक जण मागच्या मागे निघून गेला. शहनाजने पेटी बाबांच्या जोडलेल्या हातांत ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

"हे तुमी ठेवा, जमादार चाचा. इतके वर्सं सांभाळली, अजून सांभाळा." तिच्या आवाजात राग होता का, मला आजही सांगता येत नाही. "मले ते घर काढून द्या, मॅडम. ते माह्यासाठी ठेवलं होतं ना?"

मी पातीने कडेकडेने माती सोडवली. चाळीस वर्षांत एवढं जपून मी काहीच सोडवलं नव्हतं. घर अखंड निघालं. शहनाजने ते ओढणीत घेतलं, बाभळीच्या काट्यावरचा कापसाचा एक पुंजका काढून त्याखाली घातला आणि कुणाशी न बोलता ती दर्ग्याच्या रस्त्याला लागली. तिने माफ केलं, असं मी लिहिणार नाही. तसं काही तिने म्हटलं नाही. दहाच्या आत भिंत पडली.

हंगाम अजून चालू आहे. गाड्या जातात, वास येतो, खिडकी उघडी असते. त्या दिवसापासून टपरीवर ती म्हण मी ऐकलेली नाही. परवा एकाचा चष्मा हरवला तेव्हा दुसऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या नकाशात मी कोनाड्यांची भिंत काढली आहे, आकड्यांसकट. पेटी बाबांच्या खिशात असते. ते कधी विडी ओढत नव्हते, आणि त्यातल्या काड्या आता पेटणारही नाहीत. पण बाहेरून येताना दारात ते थांबतात, खिसा झाडतात, पेटी काढून दाराजवळच्या फळीवर ठेवतात आणि मगच आत येतात. बाहेर जाताना न विसरता उचलतात.